नेम चुकला, तर चूक कुणाची?

होस्टेलच्या नळापासून रायफलीच्या नळीपर्यंत सगळं मोजून पाहणारा एक हट्टी माणूस. जोसेफ व्हिटवर्थ. मेकॅनिकलवाल्यांना तो सिलॅबसमध्ये भेटतो, बाकीच्यांना तिथंही नाही. त्याची ही गोष्ट, खास ज्यांचा प्रोजेक्ट चालत नाहीये त्यांच्यासाठी.

होस्टेलवर राहता? मग हा सीन तुम्ही पाहिला असणारच. बाथरूमचा नळ गळायला लागतो. चार वेळा तक्रार होते. शेवटी एकदाचा प्लंबर उगवतो. पिशवीतून नवा अर्धा इंची नळ काढतो, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतो आणि भिंतीतल्या पाइपात नळ फिरवून बसवतो. दोन मिनिटांत काम खल्लास. नळ एका कंपनीचा, पाइप दुसऱ्या कंपनीचा, मधलं फिटिंग तिसऱ्याच कंपनीचं. तरी आटे एकमेकांत बरोब्बर बसतात.

का बसतात, असा प्रश्न कधी पडलाय? आपल्याकडच्या पाण्याच्या पाइपांच्या आट्यांचा कोन 55 अंश असतो. हा 55 अंशांचा कोन इंग्लंडमधल्या एका कारखानदारानं 1841 मध्ये सुचवला होता. तो माणूस जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पण त्याचा कोन अजून तुमच्या बाथरूममध्ये आहे.

तुम्ही मेकॅनिकलला असाल, तर नाव ऐकून तुमचे कान टवकारतील. व्हिटवर्थ क्विक रिटर्न मेकॅनिझम, बीएसडब्ल्यू आटे, पेपरात हमखास येणारा प्रश्न. पण आज त्याची गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगायची आहे. हातातली वस्तू नीट काम करत नसेल, तर दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं? आयुष्यभर या माणसानं हेच केलं. आणि त्यातलं सगळ्यात मोठं कोडं त्याला घातलं ते एका ठासणीच्या रायफलीनं.

आपल्या नाशिकला बंदुका-तोफा नव्या नाहीत. नाशिकरोडला तोफखाना केंद्र आहे, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी आहे. गोळा जिथं पडायला हवा तिथंच का पडतो आणि कधी का पडत नाही, हा तिथल्या अभ्यासाचा विषय. त्याच प्रश्नाची ही जुनी गोष्ट.

गिरणीत रमला, पण यंत्रांत

जोसेफचा जन्म 21 डिसेंबर 1803 चा, इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट गावचा. वडील शाळामास्तर. जोसेफ लहान असतानाच आई गेली. वडिलांनी धर्मोपदेशक व्हायचं ठरवलं आणि मुलाची रवानगी शाळेत दुसऱ्या गावी झाली. चौदाव्या वर्षी तो काकांच्या कापूसगिरणीत कामाला लागला. घरच्यांचा विचार सरळ होता. पोरगा धंदा शिकेल, पुढे गिरणी सांभाळेल, लाइफ सेट.

पोराला मात्र सुतापेक्षा सूत कातणारं यंत्र जास्त आवडलं. चार वर्षांत गिरणीतलं जवळपास प्रत्येक यंत्र त्याला पाठ झालं. त्याच वेळी एक गोष्ट त्याला खुपायला लागली. यंत्रं ओबडधोबड होती. एका यंत्राचा भाग दुसऱ्याला बसत नव्हता. काही मोडलं, की कारागीर कानस घेऊन बसायचा आणि अंदाजानं घासत राहायचा.

जोसेफनं काकांची गिरणी सोडली आणि मँचेस्टरमध्ये साधा मेकॅनिक म्हणून नोकरी धरली. आजच्या भाषेत सांगायचं, तर घरचा बिझनेस सोडून पोरगा एमआयडीसीत लेथवर उभा राहिला. 1825 मध्ये तो लंडनला गेला आणि हेन्री मॉड्स्ले या त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या यंत्रकाराकडे कामाला लागला. पुढे जोसेफ क्लेमेंटच्या वर्कशॉपमध्येही तो होता. कॉम्प्युटरवाल्यांनो, इथे लक्ष द्या. चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनाचे भाग याच वर्कशॉपमध्ये बनत होते. आकडेमोड करणारं यंत्र बनवायचं, तर त्याचा प्रत्येक दाता चोख हवा, हे जोसेफनं तिथं आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

1833 मध्ये तो मँचेस्टरला परतला आणि स्वतःचा कारखाना काढला. वय 29.

दोन पत्रे फसवतात, तिसरा पकडतो

मेट्रॉलॉजी लॅबमध्ये सरफेस प्लेट असते ना, ती जड, गुळगुळीत, सपाट प्लेट? आपण तिच्यावर जॉब ठेवून मापं घेतो. पण ती प्लेट स्वतः सपाट आहे हे कशावरून ठरवायचं? दुसऱ्या सपाट प्लेटवरून. मग ती दुसरी सपाट आहे हे कशावरून? घोळ आहे की नाही?

दोन प्लेटा एकमेकींवर घासून जुळवल्या, तर एक थोडी फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट होऊ शकते. दोन्ही एकमेकींना छान चिकटतात आणि दोन्ही चुकीच्या असतात. यावरची युक्ती तीन प्लेटांची. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी ताडून पाहायची. रंग लावून एकमेकींवर टेकवायच्या, जिथं रंग उमटेल तो उंचवटा पत्रीनं खरवडायचा. तिन्ही प्लेटा एकमेकींना तंतोतंत जुळल्या, तर त्या सपाटच असणार. तीन फुगीर प्लेटा एकमेकींना जुळूच शकत नाहीत. घासण्याऐवजी खरवडण्याची ही पद्धत व्हिटवर्थनं 1840 मध्ये ग्लासगोच्या विज्ञान परिषदेत मांडली.

पुढच्याच वर्षी त्यानं आट्यांचा प्रश्न हातात घेतला. तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. व्हिटवर्थनं वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापं घेतली आणि सरासरी काढून कोन ठरवला 55 अंशांचा. कोणत्या जाडीच्या बोल्टला इंचाला किती आटे, याचा तक्ताही दिला. रेल्वे कंपन्यांनी तो उचलला, मग सगळ्यांनीच. आज मेट्रिक बोल्टांचा कोन 60 अंशांचा आहे, पण पाइपांत व्हिटवर्थ टिकून आहे.

1851 मध्ये लंडनला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्याचं मोजमापाचं यंत्र होतं. इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारं. कसं? गणित तोंडी करा. स्क्रूला इंचाला 20 आटे. त्या स्क्रूला 200 दात्यांचं चाक. ते चाक फिरवणाऱ्या तबकडीवर 250 रेघा. तिघांचा गुणाकार करा, दहा लाख येतात. नुसतं बोट टेकवलं, तरी बोटाच्या उबेनं धातूची पट्टी किती वाढते, ते या यंत्रावर कळायचं. सातपूरच्या कारखान्यांत आज मायक्रॉनमध्ये बोलतात. त्या बोलीची सुरुवात अशा माणसांनी केली.

चांगली नळी, वाईट नळी

आता येऊ रायफलीकडे. साल 1854. ब्रिटन रशियाशी क्रायमियात लढत होतं. सैन्याला नवी एनफिल्ड रायफल हवी होती, हजारोंनी. पण ती बनत होती हातानं. नळ्या, घोडे, दस्ते वेगवेगळ्या ठिकाणी घडायचे आणि नंतर जुळवले जायचे. सरकारनं व्हिटवर्थला गाठलं. आदल्याच वर्षी तो अमेरिकेचे कारखाने पाहून आला होता. सरकारची मागणी सोपी होती. नळ्या झपाट्यानं बनवतील अशी यंत्रं आम्हाला बनवून दे.

व्हिटवर्थ बंदूकवाला नव्हता. त्यानं आधी चौकशी केली. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट समोर आली. एकाच नमुन्याच्या दोन नळ्या. एकीतून गोळी नेमकी जाते, दुसरीतून भरकटते. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. अनुभवी कारागिरांनाही नाही. नळी चांगली निघाली तर नशीब, वाईट निघाली तर तेही नशीब.

व्हिटवर्थचं म्हणणं असं पडलं, की चांगली नळी कशानं चांगली होते हेच ठाऊक नसेल, तर यंत्रं फक्त वाईट नळ्या जास्त वेगानं काढतील. आधी कारण शोधू. माझ्या कष्टाचे पैसे नकोत, प्रयोगांचा खर्च तेवढा सरकारनं करावा. सरकार तयार झालं.

त्यानं काय शोधलं ते कळायला ही बंदूक चालायची कशी, ते आधी थोडक्यात बघू. ठासणीची बंदूक तुम्ही ऐतिहासिक सिनेमात पाहिली असेल. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, त्यावर गोळी टाकायची, गजानं ठासायची, मग बार काढायचा. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. गोळी नळीच्या भिंतींना आपटत बाहेर पडते आणि कुठल्या दिशेला वळेल याचा नेम नसतो. रायफलीच्या नळीत मात्र पीळ घातलेल्या खाचा असतात. त्या गोळीला गिरकी देतात. भोवरा फिरतोय तोवर ताठ उभा राहतो, गती कमी झाली की लडबडतो. गोळीचंही तसंच. गिरकी पुरेशी असेल, तर नाक पुढे ठेवून सरळ जाते. कमी पडली, तर हवेत डोलायला लागते.

पण इथं एक अडचण आहे. गोळी खाचांत घट्ट बसली, तरच गिरकी मिळणार. आणि घट्ट गोळी नळीच्या तोंडातून आत ठासायची कशी? एनफिल्डमध्ये यावर तोडगा होता. गोळी थोडी सैल ठेवायची आणि तिच्या बुडाशी पोकळी करायची. बार झाला, की बुड फुगून खाचांत बसतं. युक्ती छानच. पण गोळी प्रत्येक वेळी सारखीच फुगेल याची खात्री कोण देणार? त्यात एनफिल्डच्या नळीचा व्यास 0.577 इंच आणि पीळ 78 इंचांत एक फेरा. नळीची लांबी 39 इंच, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धा फेरा.

झिरझिरीत कागदांचा बोगदा

व्हिटवर्थनं मँचेस्टरजवळ आपल्या घराच्या आवारात 500 यार्ड लांब, वरून झाकलेली एक गॅलरी बांधली. म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर. वाऱ्याचा त्रास नको, उन्हाची तिरीप नको, म्हणून. बांधून होते न होते तोच वादळानं ती पाडली. त्यानं पुन्हा बांधली. मार्च 1855 मध्ये प्रयोग सुरू झाले.

मला या गोष्टीतला सगळ्यात भारी वाटणारा भाग आता येतो. तोवर लोक निशाण्यावरचं भोक पाहायचे. गोळी डावीकडे लागली की उजवीकडे, वर की खाली. एवढंच. व्हिटवर्थनं गॅलरीत ठिकठिकाणी झिरझिरीत कागदांचे पडदे टांगले. गोळी एकेक पडदा भेदत जाणार आणि प्रत्येक पडद्यावर आपली खूण सोडणार. पडद्यांवरची भोकं पाहिली, की गोळीची सगळी वाट डोळ्यांसमोर. भरकटली तर कुठून भरकटायला लागली? नाक पुढे ठेवून गेली असेल तर भोक गोल, डोलत गेली असेल तर लांबट. शेवटच्या एका भोकावरून जे कधीच कळलं नसतं, ते मधल्या कागदांनी सांगितलं.

मग त्यानं एकेक गोष्ट बदलायला सुरुवात केली. पीळ बदलून पाहिला, सैल ते खूप घट्ट. नळीचा व्यास बदलून पाहिला. गोळीची लांबी, आकार, धातू. एका वेळी एकच बदल, बाकी सगळं जसंच्या तसं. हे ऐकायला सोपं आहे, करायला अत्यंत कंटाळवाणं. पण त्यातूनच उत्तर आलं.

व्यास 0.577 ऐवजी 0.451 इंच. पीळ 20 इंचांत एक पूर्ण फेरा. गोळीचं वजन तेच, 530 ग्रेन, म्हणजे साधारण 34 ग्रॅम. पण नळी बारीक झाल्यामुळे गोळी सडपातळ आणि लांब झाली. लांब गोळी हवा चांगली कापते, पण तिला सरळ ठेवायला गिरकी जास्त लागते. म्हणून घट्ट पीळ. सगळं एकमेकांत गुंतलेलं.

आणि गोळी फुगण्यावर भरवसा ठेवायलाच नको म्हणून त्यानं नळीचं भोक गोल ठेवलंच नाही, षट्कोनी केलं. गोळीही षट्कोनी, त्याच पिळाची. बोल्टवर नट चढतो, तशी ती नळीत सरकायची. आट्यांचा माणूस शेवटी आट्यांवरच आला.

1857

एप्रिल 1857 मध्ये इंग्लंडमधल्या हाइथ इथं सैन्याच्या चाचण्या झाल्या. 500 यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्यांची सरासरी चूक 2.24 फूट भरली. व्हिटवर्थची 0.37 फूट. म्हणजे एकीकडे हातभर आणि दुसरीकडे वीतभरही नाही. 1400 यार्डांवर एनफिल्ड निशाण्याला लागेचना, व्हिटवर्थची गोळी लागत होती.

साल आणि महिना पुन्हा एकदा बघा. एप्रिल 1857. तिकडे हाइथला मोजमापं चालली होती आणि इकडे त्याच एनफिल्डच्या काडतुसांनी पेट घेतला होता. काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली, तो कागद दातांनी फाडायचा. मार्चच्या अखेरीस बराकपूरला मंगल पांडे, मे महिन्यात मेरठ. ही ठिणगी आपल्या जिल्ह्यापर्यंत आली. ऑक्टोबरमध्ये सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईक आणि त्यांच्या भिल्ल साथीदारांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला.

भारतात एनफिल्डची आणखी एक खोड उघडी पडली. गोळ्या नळीत नीट उतरेनात. बारूद जळली, की तिचा निम्म्याहून जास्त भाग धूर न होता घट्ट मळ होऊन उरतो. आपल्याकडच्या कोरड्या उष्म्यात हा मळ नळीत खरपुडीसारखा धरतो. पाच-दहा बारांनंतर गज ठोकून ठोकून हात दुखायचे. शेवटी गोळीचा व्यास 0.568 इंचांवरून 0.55 इंचांवर आणावा लागला. गोळी सोपी उतरायला लागली, पण आणखी सैल झाली. नेमकेपणा हवा तर घट्ट, भरायला सोपी हवी तर सैल. ठासणीच्या बंदुकीचं हे भांडण कधीच मिटलं नाही.

सगळ्यात चांगली, तरी नापास

मग व्हिटवर्थची रायफल सैन्यानं घेतली असेल ना? नाही घेतली.

पहिलं कारण पैसा. एनफिल्डच्या जवळपास चौपट किंमत. एका भारी रायफलीच्या खर्चात चार जणांच्या हातात चालणाऱ्या रायफली देता येत होत्या. दुसरं कारण तोच मळ. बारीक नळी लवकर तुंबते. नेमबाजीच्या मैदानावर दर बारानंतर चिंधीनं नळी पुसता येते. लढाईत पुसायला वेळ कोण देणार?

इथं जरा थांबू. व्हिटवर्थनं गॅलरीला छप्पर घातलं होतं. वारा नको, पाऊस नको म्हणून. कारण शोधायला ते बरोबरच होतं. पण शिपाई छपराखाली लढत नाही. चिखलात, धुळीत, घामानं भिजलेल्या हातांनी लढतो. गोळी का भरकटते याचं उत्तर व्हिटवर्थला सापडलं. दहा तास उपाशी असलेला माणूस ही बंदूक पुन:पुन्हा कशी भरेल, याचं उत्तर त्या गॅलरीत मिळणं शक्य नव्हतं.

त्याचं काम वाया गेलं असं मात्र नाही. बारीक नळी, लांब गोळी, घट्ट पीळ हे सूत्र पुढे खरं ठरलं. 1871 मध्ये ब्रिटिश सैन्यानं घेतलेली मार्टिनी-हेन्री 0.45 इंचांचीच होती. फरक एवढाच, की ती मागून भरायची होती. ठासण्याचा प्रश्नच संपला.

2 जुलै 1860 ला विम्बल्डनला राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते झालं. रायफल व्हिटवर्थची, लोखंडी चौकटीवर पक्की बसवलेली. राणीनं रेशमी दोरी ओढली. 400 यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली.

गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्यानं आपल्या निवडक नेमबाजांना या रायफली दिल्या. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणारं ते सैन्य. मे 1864 मध्ये उत्तरेचा सेनापती जॉन सेजविक स्पॉटसिल्व्हेनियाला लांबून आलेल्या गोळीनं मेला. शत्रू इतक्या लांब असताना कसले घाबरता, म्हणून तो आपल्या सैनिकांना दटावत असतानाच. ती गोळी व्हिटवर्थ रायफलीची होती असं मानलं जातं. कागदाच्या पडद्यांवर केलेल्या अभ्यासाचं पुढे काय होईल, यावर कागद ठेवणाऱ्याचा ताबा राहत नाही. इंजिनीअरिंग, फार्मसी, डेटा सायन्स, काहीही शिकत असाल तरी हे कधीतरी आठवावं.

पैसा कुठे गेला?

व्हिटवर्थ पुढे तोफांकडे वळला. तिथं त्याची गाठ विल्यम आर्मस्ट्राँगशी पडली आणि दोघांची चांगलीच जुंपली. व्हिटवर्थ स्वभावानं हट्टी. आपलं बरोबर आहे हे एकदा मोजून पाहिलं, की समोरच्याचं ऐकायची त्याची तयारी नसायची. सरकारी समित्यांशी त्याचं कधी नीट जमलं नाही. तोफा फुटायच्या, कारण ओतलेल्या पोलादात हवेचे बुडबुडे राहायचे. त्यानं पोलाद पातळ असतानाच प्रचंड दाब देऊन ते बुडबुडे घालवायची पद्धत काढली. गंमत म्हणजे तो गेल्यावर दहा वर्षांनी, 1897 मध्ये, त्याची आणि आर्मस्ट्राँगची कंपनी एक झाली.

1868 मध्ये त्यानं एक शिष्यवृत्ती सुरू केली. दर वर्षी 3,000 पौंड. 100 पौंडांच्या 30 शिष्यवृत्त्या. नुसत्या पुस्तकी हुशारीवर ती मिळत नसे आणि नुसत्या हाताच्या कौशल्यावरही नाही. दोन्ही लागायचं. थिअरीत टॉपर पण कानस धरता येत नाही, किंवा लेथवर बादशहा पण गणित येत नाही, दोघांनाही त्याचा निरोप एकच. दुसरी बाजू शिका. ही शिष्यवृत्ती आजही दिली जाते.

22 जानेवारी 1887 ला माँटे कार्लोला तो गेला. वय 83. त्याला मूलबाळ नव्हतं. संपत्तीचा मोठा भाग मँचेस्टरला मिळाला. तिथलं व्हिटवर्थ पार्क, व्हिटवर्थ आर्ट गॅलरी, ख्रिस्ती कॅन्सर हॉस्पिटल यांच्यामागे त्याचाच पैसा आहे.

आता तुमचं निशाण

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांना आयुष्यात ठासणीची बंदूक चालवायची नाहीये. पण लाइन फॉलोअर रोबो टेक फेस्टच्या आदल्या रात्री वळणावर भरकटतो, ते माहीत आहे. टायट्रेशनचं रीडिंग तिसऱ्यांदा वेगळं येतं, ते माहीत आहे. कोड कालपर्यंत चालत होता, आज चालत नाही, हेही माहीत आहे. अशा वेळी आपण काय करतो? घाबरून एकदम चार गोष्टी बदलतो. सेन्सरही, मोटरही, बॅटरीही, कोडही. मग रोबो सुटला तरी कशामुळे सुटला ते कळत नाही, आणि अजून बिघडला तरी कशामुळे ते कळत नाही. नाहीतर सरळ सीनिअरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतो. तो म्हणजे एकमेकींना जुळणाऱ्या दोन प्लेटांचा प्रकार. जुळतंय, पण बरोबर आहे की नाही ते कुणाला माहीत?

रोबोसाठी आजच एक करून बघा. एक वही घ्या. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर काय झालं ते एका ओळीत. सेन्सरचं रीडिंग आधी तपासा, मग मोटर, मग कोड. वळणाच्या आधी काय होतं, वळणावर काय होतं, नंतर काय होतं ते वेगवेगळं लिहा. हेच तुमचे कागदी पडदे. आणि शेवटी तो फेस्टच्या खऱ्या ट्रॅकवर, तिथल्या उजेडात चालवून बघा. होस्टेलच्या खोलीतल्या फरशीवर सगळेच रोबो पळतात.

अभ्यासाचंही काहीसं असंच आहे. निकालाच्या दिवशी आपल्याला फक्त निशाण्यावरचं शेवटचं भोक दिसतं. केटी लागली. मग आपण म्हणतो, मला गणित जमतच नाही, माझं डोकंच नाही त्यात. घरचेही म्हणतात. नळी चांगली की वाईट, सगळं नशीब. पण मधल्या पडद्यांचं काय? पहिल्या युनिटला काय झालं? लेक्चर समजलं होतं का? गणितं स्वतः सोडवली, की सोडवलेली वाचली? पेपर वेळेत संपला होता का? सबमिशनच्या आठवड्यात झोप किती झाली? कुठून तरी गोळी वळायला लागलेली असते. ती जागा सापडली, की दुरुस्ती करता येते. सापडली नाही, तर तुम्ही स्वतःलाच दोष देत बसता आणि पुढच्या सेमला तीच गोळी, तीच नळी.

बाकी आज होस्टेलवर गेलात, की तो नळ जरा नीट बघा. गळत असेल, तर आधी वॉशर तपासा. आटे बहुतेक बरोबरच असतील.